पानशेत : पुराची आठवण, मोरीचा विसर

जुलै महिना उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत पानशेतच्या आठवणी छापून येऊ लागतात. १२ जुलै १९६१ ची ती सकाळ, लकडी पुलावरून वाहणारे पाणी, नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले कोसळणारे वाडे, माळ्यावर चढून बसलेली कुटुंबे, अंगावरच्या कपड्यांनिशी उंचवट्याकडे धावणारी माणसे. मग पूर ओसरल्यानंतरचा चिखल, खडकवासला रिकामे झाल्यामुळे कोरडे पडलेले नळ, घाईघाईने उपसलेल्या जुन्या विहिरी, निसन हटमधले संसार आणि पूरग्रस्तांसाठी वसलेल्या लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती. ज्यांनी हे भोगले त्यांनी ते सांगितले, लिहिले. आणि ते लिहिले गेले हे चांगलेच झाले.

आमची तक्रार त्या आठवणींविषयी नाही. तक्रार आहे ती अशी की, साठ वर्षांहून अधिक काळ साठत आलेले हे लेखन जवळजवळ सगळे पुराविषयीचे आहे, धरणाविषयीचे नाही. गोष्ट सुरू होते ती पाणी शहरात शिरते तेथून. त्याच्या आधीचा भाग 'धरण फुटले' एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. जणू धरण फुटणे ही वीज पडण्यासारखी घटना आहे. ती होते, तिला कारण असले तरी ते आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलताना आम्ही हा प्रश्न अनेकदा विचारला आहे : पानशेत का फुटले? उत्तरे ठरावीक येतात. पाऊस अतोनात झाला. काम घाईने झाले. सिमेंटमध्ये कोणीतरी पैसे खाल्ले. सळया घातल्याच नव्हत्या. उत्तर देणारा प्रत्येक जण ते ठामपणे देतो. पण पुढचा प्रश्न विचारला, की पाऊस अतोनात झाला म्हणजे धरणाच्या नेमक्या कोणत्या भागाला काय झाले, की तेथे गाडी थांबते. विज्ञानाच्या शिक्षकालाही तेथे थांबावे लागावे, आणि तेही पुण्यात, ही गोष्ट आम्हाला बोचते.

म्हणून आधी धरणाविषयी.

पानशेतचे धरण मुठेच्या खोऱ्यात आंबी नदीवर आहे. मूळचे धरण मातीचे, सुमारे ५० मीटर उंचीचे. मातीचे धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. त्याच्या मधोमध पाणी सहजी न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड, जड भराव असतो आणि पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचे पिचिंग असते. जादा पाणी जाण्यासाठी बाजूला सांडवा असतो. आणि पाणी हवे तेव्हा सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून आरपार जाणारा एक मार्ग असतो. सरकारी भाषेत त्याला विमोचक म्हणतात, बांधावरचा माणूस मोरी म्हणतो. आपणही मोरीच म्हणू.

१९६१ च्या पावसाळ्यात धरणात पाणी पहिल्यांदा साठत होते, आणि मोरीचे काम पुरे झालेले नव्हते. मोरीचे दरवाजे वरखाली करणारी यंत्रणा बसलेली नव्हती. मोरीच्या आतला पृष्ठभाग अपुरा आणि खडबडीत होता. १८ जून ते १२ जुलै या काळात तेथे १७७८ मिलिमीटर पावसाची नोंद आहे. जलाशयाची पातळी सुरुवातीला दिवसाला ९ मीटर या वेगाने चढली आणि बारा दिवसांत २४ मीटर वाढली. नवा भराव पाण्याच्या भाराला हळूहळू सरावतो. त्याला तेवढा अवधीच मिळाला नाही.

आता मोरीत काय झाले असेल याची कल्पना करण्यासाठी घरातला नळ आठवावा. पाणी जाऊन परत येते तेव्हा नळ आधी फुसफुसतो, मग गचके देतो, कधीकधी सगळी पाइपलाइन थरथरते. नळीत हवा आणि पाणी यांची झटापट चालू असते. मोरीतून पाणी थोडे वाहत असले तर ते ओढ्यासारखे वाहते, वर हवा मोकळी असते. पूर्ण भरून वाहिले तर ते नळासारखे, दाबाखाली वाहते. या दोन्ही अवस्था एकेकट्या सांभाळता येतात. पण प्रवाह घटकेत असा, घटकेत तसा होऊ लागला की हवा कोंडते आणि सुटते, दाब एकदम चढतो आणि एकदम उतरतो. पानशेतच्या मोरीतला प्रवाह असाच अस्थिर होता, असे धरणांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे. नळ गचके देतो तेव्हा फार तर भिंतीवरचा चुना पडतो. येथे त्या मार्गावर कित्येक मीटर उंचीचा मातीचा भराव बसलेला होता.

मोरीच्या वरचा भाग ढासळू लागला तशी वरची माती खाली बसू लागली. धरणाच्या अक्षाला काटकोनात तडे गेले आणि त्या तड्यांच्या मधला, सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा खचत गेला. अडीच तासांत तो १.४ मीटर खाली गेला, अशी नोंद आहे. धरणाचा माथा तेव्हा पाण्याच्या पातळीपेक्षा केवळ ०.६ मीटर वर उरला होता. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली ती याच खचलेल्या जागी. त्यांच्या कष्टांविषयी जे लिहिले गेले ते योग्यच आहे. पण ते पोती माथ्यावर रचत होते आणि दुखणे पोटात होते, हे त्या लिखाणात क्वचितच येते. खचलेल्या भागावरून पाणी वाहू लागल्यावर पुढचे सांगायला नको. मातीच्या धरणाला माथ्यावरून गेलेले पाणी सोसत नाही. ते प्रथम पलीकडच्या उतारावरची माती नेते, मग भगदाड पाडते.

खाली खडकवासला. १८७९ चे दगडी धरण, सुमारे ३१ मीटर उंच, दीड किलोमीटरच्या आसपास लांब, आणि त्या दिवशी आधीच भरलेले. आजच्या नोंदींनुसार पानशेतची साठवणक्षमता सुमारे १०.६५ टीएमसी आणि खडकवासल्याची सुमारे १.९७ टीएमसी, म्हणजे पाचास एक असे प्रमाण आहे. तांब्यात घागर रिकामी केल्यावर काय व्हायचे ते झाले. धरणाच्या संपूर्ण लांबीवरून २.७ मीटर उंचीचे पाणी वाहिले. तरी दगडी बांधकाम असल्यामुळे ते लगेच गेले नाही. पुराचा लोंढा पोचल्यापासून चार तासांच्या आत ते फुटले. पुणे शहराला जो थोडाबहुत अवधी मिळाला तो ब्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्या भिंतीने दिला.

एवढे कळल्यावर मघाच्या उत्तरांकडे पुन्हा पाहू.

'पाऊस अतोनात झाला.' पाऊस जोराचा होता हे खरे. पण पाऊस हे कारण असते तर सांडवा अपुरा पडून पाणी धरणावरून गेले असते. तज्ज्ञांचा निष्कर्ष याच्या उलट आहे : सांडव्याची क्षमता अपुरी नव्हती, पायाही दगा देणारा नव्हता, आणीबाणीत पाणी सोडण्याची सोय अपुरी होती. पावसाने जलाशय भरला, धरण मोरीने फोडले. सह्याद्रीच्या कुशीत जुलैमध्ये पाऊस पडतो ही काही बातमी नव्हे.

'सळया घातल्या नव्हत्या' हे उत्तर यापेक्षा बरे आहे, कारण त्यात निदान धरणाच्या एका भागाचा उल्लेख आहे. मोरीच्या सांध्यांशी पोलादी सळयांचे काँक्रीट नव्हते, साधे ठोकळे होते, असे सांगितले जाते. पण हे विधान तोंडोतोंडी होता होता 'धरणात सळया नव्हत्या' असे झाले आहे, आणि मग मातीच्या धरणात सळया कोठे असतात हा प्रश्नही कोणाला पडत नाही. शिवाय सळया असत्या तरी, दरवाजे हलवण्याची यंत्रणा नसताना आणि प्रवाह गचके देत असताना त्या मोरीचे काय झाले असते, हे या एका शब्दातून कळत नाही.

'घाई झाली.' हे सर्वांत खरे आणि सर्वांत निरुपयोगी उत्तर. घाई ही माणसांची अवस्था आहे, धरणाची नव्हे. घाईमुळे नेमके काय राहून गेले हे सांगितल्याशिवाय त्यातून पुढच्या धरणावरचा कनिष्ठ अभियंता काहीही शिकू शकत नाही. 'मोरी आणि तिचे दरवाजे पुरे झाल्याशिवाय पाणी अडवू नये' हे वाक्य त्याला उपयोगी पडते. 'घाई करू नये' हे वाक्य तो शाळेपासून ऐकत आलेला असतो.

आणि 'पैसे खाल्ले'. हे उत्तर मनाला समाधान देते, म्हणूनच ते धोक्याचे. ज्या दिवशी सर्व माणसे प्रामाणिक असतील त्या दिवशी धरणे फुटायची थांबतील, असा त्याचा अर्थ होतो. प्रामाणिक माणसांच्या हातूनही रचना कोसळतात, आणि त्या का कोसळल्या हे शोधण्याचे एक स्वतंत्र शास्त्र जगभर उभे राहिले आहे.

इंग्रजीत त्याला फोरेन्सिक इंजिनिअरिंग म्हणतात. मराठीत 'न्यायसहायक अभियांत्रिकी' असा प्रतिशब्द वापरतात. तो चुकीचा नाही, पण आम्हाला तो अपुरा वाटतो. त्या शब्दाने हे शास्त्र कोर्टाच्या दाराशी नेऊन बांधले आहे. न्यायालयाला मदत करणे हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग, आणि आमच्या मते मोठा, म्हणजे कोसळलेल्या वास्तूचे शवविच्छेदन करून जे कळेल ते इतर बांधणाऱ्यांना सांगणे. 'दोषी कोण' हा पहिला प्रश्न, 'हे घडले कसे' हा दुसरा. दोन्ही रास्त आहेत. पण ते एकाच दालनात, एकाच वेळी विचारले की पहिला दुसऱ्याला बोलू देत नाही.

पानशेतच्या बाबतीत हेच झाले असे आमचे मत आहे. दुर्घटनेनंतर न्यायालयीन चौकशी नेमली गेली. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांचे काम पुरे होण्याआधीच निधन झाले. मग न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम आले. तांत्रिक बाजू तपासली गेली, अहवाल झाला. पण शहराचे लक्ष होते ते दोष कोणावर येतो याकडे. अहवालावर वाद झाले तेही त्याच अंगाने. वास्तविक आपल्या १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात अशी तरतूद आहे की, आयोगापुढे दिलेले निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कामात वापरता येत नाही. म्हणजे माणसाने मोकळेपणाने बोलावे अशी कायद्याचीही इच्छा आहे. पण नोकरी, बढती आणि अब्रू यांना त्या कलमाचे संरक्षण नाही. ज्याने रात्री मोरीतला आवाज ऐकला असेल तो आयोगापुढे वकील घेऊनच येणार, आणि विचारले तेवढेच सांगणार. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले, तेव्हा तर नेमलेला चौकशी आयोगच काम पुरे होण्याआधी गुंडाळला गेला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि तेही पानशेतनंतर सहाच वर्षांनी घडलेले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याला आडवे तडे गेले. ते तडे मुख्यतः पलीकडच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीशी होते. धरणाच्या आतल्या गॅलरीत भूकंपाची त्वरणे नोंदवणारे यंत्र बसवलेले होते, आणि ते चालू होते. संकल्पनात आडव्या भूकंपबलासाठी गुरुत्वत्वरणाच्या ५ टक्के धरले होते. यंत्राने नोंदले ते निम्म्याच्या घरात. ही नोंद आणि तड्यांचे नकाशे जगापुढे ठेवले गेले. अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये त्या तड्यांचे गणित मांडले, आणि तेव्हापासून भूकंपात काँक्रीटचे धरण कसे वागते याविषयीचे नवे गणित तपासायचे तर ते कोयनेच्या नोंदीवर तपासतात. जपानमधला वा कॅलिफोर्नियातला विद्यार्थी कोयनेचे नाव जाणतो ते यामुळे. दक्षिणेचे पठार स्थिर आहे ही समजूत सुटली, भारताच्या भूकंपविषयक मानकातले नकाशे बदलले, धरणाला पाठीमागून टेकू देऊन बळकटी आणली गेली.

एकाच राज्यातली, एकाच दशकातली ही दोन धरणे. कोयनेने जगाला शिकवले. पानशेतने पुण्यालाही पुरते शिकवलेले नाही. असे का झाले? कोयनेला यंत्र होते, पानशेतला नव्हते, हे एक कारण. धरण उभे होते, पुरावा वाहून गेला नव्हता, हे दुसरे. पण आम्हाला तिसरे कारण महत्त्वाचे वाटते : कोयनेत दोष भूकंपाचा होता. कोणाही अभियंत्याला तोंड लपवावे लागत नव्हते, त्यामुळे संकल्पनातील उणिवेविषयी सगळे मोकळेपणी लिहू शकले. पानशेतमध्ये प्रत्येक तांत्रिक वाक्य हे कोणावर तरी आरोपाचे वाक्य होते.

यावर कोणी म्हणेल की मग दोषींना सोडून द्यावे काय? मुळीच नाही. प्रश्न दोन दालने वेगळी करण्याचा आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यातले टीटन धरण पानशेतसारखेच मातीचे, आणि पानशेतसारखेच पहिल्यांदा भरत असताना, ५ जून १९७६ रोजी फुटले. धरण बांधणाऱ्या खात्याबाहेरच्या तज्ज्ञांचे स्वतंत्र मंडळ नेमले गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा अहवाल जाहीर झाला. खात्याने स्वतःच्या संकल्पनात भेगाळ खडकाचा विचार पुरेसा केला नव्हता, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो अहवाल आजही विद्यार्थी वाचतात. मोरीतून मातीच्या भरावात काय घडले याचा पानशेतचा इतका सुबोध वृत्तांत पुण्याच्या शाळेतल्या शिक्षकाच्या हाती आजवर आलेला आम्ही पाहिलेला नाही.

दुसरे उदाहरण वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच लांब सळई वरच्या पुलातून जाऊन खालच्या पुलाला धरत होती. बांधताना सोयीसाठी तिच्या दोन सळया केल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. फरक किरकोळ वाटतो. आता एक दोर झाडाला बांधा आणि दोन मुलांना तो वरखाली दोन ठिकाणी धरून लोंबकळू द्या. प्रत्येकाच्या मुठीला आपापलेच वजन. मग खालच्या मुलाला दोर सोडून वरच्या मुलाचे पाय धरायला सांगा. दोरावरचे वजन तेवढेच राहिले, पण वरच्या मुलाच्या मुठीवरचे दुप्पट झाले. (जमिनीपासून वीतभरच उंचीवर, आणि खाली गादी ठेवून.) हॉटेलात सुटली ती ही मूठ, म्हणजे वरच्या पुलाच्या तुळईखालचा नट. त्या प्रकरणात अभियंत्यांचे परवाने गेले. तसेच तो सांधा चित्रासकट जगभरच्या अभ्यासक्रमात गेला. १९८७ पासून अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांची संस्था अशा अपयशांना वाहिलेले नियतकालिक चालवते. ब्रिटनमध्ये २००५ पासून अशी व्यवस्था आहे की, अभियंत्याने आपल्या कामावर दिसलेली चूक वा थोडक्यात टळलेला अपघात गुप्तपणे कळवावा. नावगाव काढून टाकून तो मजकूर सर्वांसाठी छापला जातो.

आपल्याकडे जाणकार माणसांची वाण नाही. पुण्यात १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय मुठेच्याच काठी आहे. १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा खडकवासल्यालाच, त्या धरणाच्या पायथ्याशी आहे. या मंडळींना पानशेतविषयी जे ठाऊक आहे त्याचा दहावा हिस्साही लोकांपर्यंत आलेला नाही. आमचा अनुभव असा की, अभियंते चहा पिताना फार मोकळेपणाने आणि फार सुंदर सांगतात. कागद पुढे केला की 'प्रकरण संवेदनशील आहे' म्हणतात. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरण फुटल्यास राज्याच्या यंत्रणेने ते राष्ट्रीय प्राधिकरणाला कळवावे आणि मोठ्या घटनांच्या नोंदी ठेवाव्यात, असे बंधन घातले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण नोंद फायलीत राहणे आणि नोंद वर्गात पोचणे यांत बरेच अंतर आहे.

अंतर किती आहे ते तिवरे येथे दिसले. चिपळूण तालुक्यातले हे लहान मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर हसू झाले. आम्हाला ते हसणेही अपुरे वाटले. प्राण्यांच्या बिळांमुळे मातीच्या धरणातून पाणी वाट काढू शकते, ही गोष्ट धरणशास्त्राला अपरिचित नाही. म्हणून तर भरावाची नियमित पाहणी करायची असते. चुकीचे होते ते पाहणी न करता, दुसऱ्याच दिवसांत कारण ठरवणे. हसणाऱ्यांनीही 'भराव कोणत्या जागी, किती दिवस गळत होता, गळणारे पाणी स्वच्छ होते की गढूळ' हे विचारले नाही. गढूळ पाणी म्हणजे धरण आतून माती टाकते आहे. खेड्यातल्या सातवीच्या मुलाला हे एवढे ठाऊक असले तरी तो तलाठ्याला नेमकी तक्रार करू शकेल.

१५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातच, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार माणसे गेली. बातम्यांमध्ये दोन गोष्टी आल्या : गर्दी फार होती आणि धोक्याचा फलक लावलेला होता. पानशेतच्या 'पाऊस फार होता' या उत्तराची ही सख्खी बहीण. कोणता भाग गंजला होता, पहिल्यांदा काय तुटले, भार एका बाजूला सरकला का, हे शोधणारे शोधत असतील. आपण ते विचारले पाहिजे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारले पाहिजे.

शाळेत याची सुरुवात कोठून करावी? आम्ही शिकलो त्या पुस्तकांत धरणाचे फायदे ओळीने होते : सिंचन, वीज, पिण्याचे पाणी. धरणाला पोट असते आणि त्या पोटातून मोरी जाते, हे तेथे नव्हते. म्हणून आम्ही पुढील प्रयोग सुचवतो. एक लांब ट्रे घ्यावा. मध्यभागी ओल्या चिकण मातीचा बांध घालावा, आणि बांधाच्या तळातून आरपार बोटाएवढ्या जाडीची प्लॅस्टिकची नळी न्यावी. नळीचे पाण्याकडचे तोंड बुचाने बंद करावे आणि त्याच अंगाला पाणी हळूहळू भरावे. दुसऱ्या वेळी तसाच बांध घालून पाणी एकदम ओतावे. तिसऱ्या वेळी नळीला बांधाच्या मधोमध भोक पाडून बूच काढून टाकावे आणि नळीच्या वरची माती कशी बसत जाते ते पाहावे. मुलांनी घड्याळ लावून दर मिनिटाला बांधाच्या माथ्याची उंची पट्टीने मोजावी. पानशेतच्या नोंदीत अडीच तासांत १.४ मीटर आहे, तो आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. पहिल्या प्रयोगात बांध माथ्यावरून फुटेल असे बहुतेक मुले सांगतील. आमच्याकडे तो बहुधा नळीच्या कडेने गळला, कारण गोल नळीच्या खालच्या अंगाला माती नीट चोपता येत नाही.